सासूबाईंचा दगड

काटेसाहेबांच्या उजव्या पायाचा अंगठा आणि त्यांच्या सासूबाईंचा दगड यांची पहिली भेट लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी झाली. नवे जावई पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराकडे गेले, दारात ठेचकाळले आणि सगळ्या सासुरवाडीदेखत एका पायावर नाचले. सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "दगड आहे तिथे." ही माहिती तोवर जावयाला मिळालेली होती.

दगड तसा दिसायला काही विशेष नव्हता. काळपट, ओबडधोबड, एका हातात मावणार नाही आणि दोन हात लावायची लाज वाटेल असा. एका अंगाला त्याचं एक टोक पुढे आलं होतं, तेही नेमकं अंगठ्याच्या उंचीवर. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तो तिथे ठेवला होता. पुढे सासरे गेले आणि सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, त्या एक ट्रंक, आपली स्वतःची उशी आणि हा दगड घेऊन. काटेसाहेबांच्या घरचं दार तोवर कधी आपटत नव्हतं. दगड आल्यावर तेही आपटायला शिकलं, आणि अंगठ्याचे हाल पुढे चालू राहिले.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पार्सल कचेरीत ते इतकी वर्षं वजनकाट्यावर बसले होते, की त्यांचं खरं आडनाव फक्त पगाराच्या दिवशी बाहेर यायचं. "वजन जास्त होतंय, कमी करा," हे त्यांचं वाक्य. रडणाऱ्या आया, घाईतले व्यापारी, परगावी पुस्तकं पाठवणारे मास्तर, सगळ्यांना त्यांनी ते एकाच सुरात ऐकवलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण काट्यासमोर नातं नाही, असं त्यांचं म्हणणं असायचं.

तर झालं असं. डोंगरावरच्या त्या जुन्या देवस्थानाला जाणारी पायवाट फार लांबची. हौशी माणसं ती महिनाभर चालतात. बाकीची बसने जाऊन शेवटचा टप्पा तेवढा चालतात आणि घरी येऊन महिनाभर चालल्यासारखं बोलतात. वाटेची रीत एकच: घरून एक दगड न्यायचा आणि वर दाराशेजारच्या ढिगावर ठेवायचा. घरातलं जे काही जड झालं असेल ते तिथे उतरतं म्हणे. एके दिवशी पेपरात आलं, की हे देवस्थान एक तारखेपासून दुरुस्तीसाठी दोन वर्षं बंद राहणार आहे. सासूबाईंनी पेपराची घडी केली आणि म्हणाल्या, "त्याच्या आत मला वर जायचंय."

"आई, दोन वर्षांनी उघडेलच की," बायको म्हणाली.

"ते उघडेल. तोवर माझे गुडघे बंद पडले तर?"

बायको शाळेत शिकवायची आणि तिच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणजे सोबत जाणार कोण हे ठरलेलंच होतं. "आईला पोचवा आणि परत आणा," तिने नवऱ्याला बजावलं. "याच क्रमाने."

"आणि हा दगड न्यायचाय," सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं.

"आई, वर अख्खा दगडांचाच डोंगर आहे."

"असेल. हा आपला आहे."

मग रजा. काटेसाहेब खोटं बोलत नसत, त्यामुळे त्यांनी अर्जात कारण लिहिलं, 'सासूबाईंचा दगड पोचवणे'. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "अहो, आपली पार्सल कचेरी आहे," ते म्हणाले. "दगड इथूनच पाठवा की, कर्मचाऱ्यांना सवलत आहे." सगळी कचेरी आठवडाभर यावर हसली. शेवटी रजा मिळाली ती महिन्याच्या अगदी अखेरच्या दिवसाची, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून देवस्थान बंद. त्या दिवशी नाही पोचलो तर दोन वर्षं नाही, एवढं काटेसाहेबांच्या डोक्यात पक्कं बसलं.

बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर ट्रेकरकाका राहत. तरुणपणी त्यांनी एक डोंगर चढला होता आणि तेव्हापासून ते त्याच्यावरून खाली उतरलेच नव्हते. "मोज्यांना आतून कोरडा साबण चोळा," ते म्हणाले. "फोड येणार नाहीत, माझी गॅरंटी." पाऊस आला तर काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या डोंगरावर पाऊस आला नव्हता. समोरच्या मावशींनी घडीचं स्टूल दिलं, सासूबाईंना टेकायला. खालच्यांनी दोरी दिली, टॉर्च दिली, आणि भिजलेल्या बुटांत कोंबायला जुन्या पेपरांचा एक गठ्ठा दिला. काटेसाहेबांनी बॅग कचेरीच्या काट्यावर ठेवली आणि आकडा बघून आपलं वाक्य स्वतःलाच ऐकवलं. पण कमी करणार काय? परत आल्यावर मावशी विचारणार, स्टूल उपयोगी पडलं का? खालचे विचारणार, दोरी लागली का? शेजाऱ्यांची वस्तू घरी ठेवून जाणं म्हणजे वर्षभराचा अबोला. तेव्हा दगडासकट सगळं बॅगेत गेलं, आणि भर म्हणून पार्सलं गुंडाळायच्या प्लास्टिकचा एक रोलही गेला.

त्या दिवशी सकाळी बसमधून उतरल्यावर नोंदणीची खिडकी लागली. आतल्या माणसाने सासूबाईंकडे पाहिलं आणि पेन उचललं. "साठीच्या पुढच्या यात्रेकरूबरोबर नातेवाईक लागतो. नातं?"

"जावई," काटेसाहेब म्हणाले.

"जावई नाहीये."

"नाहीये कसा? हा काय उभा आहे."

"छापलेलं नाहीये. मुलगा, मुलगी, नवरा, बायको. नाहीतर 'इतर'."

"लिहा हो काय ते," सासूबाई म्हणाल्या. "आभाळ भरून आलंय."

अशा रीतीने सासूबाईंच्या गळ्यात 'यात्रेकरू' असा बिल्ला आला आणि काटेसाहेबांच्या गळ्यात 'इतर'. त्यांनी स्वतःच्या काट्यावर आजवर किती वस्तू 'इतर' म्हणून ढकलल्या होत्या. शिलाई मशीन, पोपटाचा पिंजरा, एकदा तर कोणाचं तरी लाकडी पाऊल. त्या वस्तूंना काय वाटत असेल हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. आज मात्र त्यांना ते फार लागलं, आणि बिल्ला त्यांनी शर्टाच्या आत टाकला.

वाटेला लागून थोडा वेळ झाला असेल नसेल, तोच पाऊस आला. आला म्हणजे बिऱ्हाड घेऊनच आला. सासूबाईंच्या हातात लांब दांड्याची काळी छत्री होती. काटेसाहेब म्हणाले, "आई, छत्री उघडा." त्या म्हणाल्या, "उघडली तर टेकू कशावर? ही काठी आहे." डोक्यावर रेनकोटाची टोपी ओढून त्या छत्री टेकत टेकत चालू लागल्या, आणि काटेसाहेबांना पुढच्या दोन वळणांत कळलं की आपल्याला यांच्याबरोबर राहायचं म्हणजे जवळजवळ पळावं लागणार आहे.

त्यांचा स्वतःचा रेनकोट पहिल्याच काटेरी कुंपणाला अडकून उभा फाटला. मग त्यांनी पार्सलचं प्लास्टिक काढलं आणि हात तेवढे मोकळे ठेवून स्वतःला खांद्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून घेतलं. बांधणी उत्तम झाली, त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. फक्त त्या रोलवर ठिकठिकाणी 'काचसामान' आणि 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं, आणि ते पाठीवर आलं. थोड्याच वेळात साबणानेही काम सुरू केलं. दर पावलाला बुटांतून पांढरा फेस बाहेर यायला लागला. मागून यात्रेकरू बायकांचा एक घोळका येत होता. त्यातली एक म्हणाली, "भाऊ, चालताय का कपडे धुताय?" काटेसाहेबांनी न ऐकल्यासारखं केलं. न ऐकल्यासारखं करून चालताना खाली बघता येत नाही, त्यामुळे पुढच्याच चिखलात ते आडवे झाले. एक म्हातारे यात्रेकरू थांबले, त्यांनी पाठीवरचं नीट वाचलं आणि बरोबरच्यांना म्हणाले, "उचला रे यांना, बाजू चुकलीय."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त छत्रीचं टोक पुढे केलं आणि जावयाला वर ओढलं. हसल्या असत्या तर बरं, असं काटेसाहेबांना वाटलं.

दुपार झाली आणि खडा चढ समोर आला. त्याच्या पायथ्याशी एक बुटकी भिंत होती. सासूबाई म्हणाल्या, "मी हळूहळू पुढे होते, तुम्ही या दम खाऊन." त्या वळणाआड गेल्या तसे काटेसाहेब भिंतीला टेकले. खांदे भरून आले होते, बॅगेतला पेपरांचा गठ्ठा पाणी पिऊन दुप्पट जड झाला होता, आणि पाठीला सकाळपासून एक टोक टोचत होतं. ते टोक कोणाचं हे सांगायला नको. त्यांनी बॅग उघडली. स्टूल टाकावं तर मावशी, दोरी टाकावी तर खालचे. सगळ्या बॅगेत मागे कोणी शेजारी नसलेली वस्तू एकच होती. इकडेतिकडे बघून त्यांनी दगड उचलला, भिंतीपलीकडे सोडून दिला आणि वाटेवरचा बटाट्याएवढा एक गुळगुळीत दगड खिशात टाकला. दगडाला काय, तोंड असतं? वाटेत झिजला म्हणू. पुढचा चढ ते चक्क शीळ घालत चढले.

अर्ध्या चढावर यात्रेकरूंसाठी पत्र्याची शेड होती. आत चहावाल्या बाई, वाफ आणि माणसं दाटीवाटीने भरलेली. सासूबाईंनी बाकावर जावयासाठी जागा धरून ठेवली होती. वारा सुटला होता आणि शेडचं दार सारखं आपटत होतं. धाडकन आवाज झाला की सगळ्यांच्या कपातला चहा हिंदकळायचा. कोणी दाराला पंचा बांधला, तो सुटला. कोणी पाठ लावून उभं राहिलं, त्याला वाऱ्याने आत ढकललं. काटेसाहेबांनी मोठ्या अभिमानाने खालच्यांची दोरी काढली. ती तुटली.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आपला दगड काढा बघू. चाळीस वर्षं त्याला तेवढंच काम येतं."

काटेसाहेबांनी बॅगेत हात घातला. हाताला टॉर्च लागली, स्टूल लागलं, पेपरांचा लगदा लागला. शेवटी घसा खाकरून त्यांनी खिशातला बटाटा काढून पुढे धरला. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि तो दगड तळहातावर घेऊन पाहिला.

"हा त्याच्या लहानपणीचा वाटतं," त्या म्हणाल्या.

शेडमध्ये हशा पिकला. काटेसाहेब मान खाली घालून पुटपुटले, "आई, वजन जास्त होत होतं."

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "तुमचे सासरे हाच दगड घेऊन निघाले होते," त्या म्हणाल्या. "लग्नाला वर्ष झालं होतं. असाच पाऊस. इथेच बसले, चहा प्यायले आणि इथूनच मागे फिरले. घरी येऊन मला सांगितलं, वर जाऊन आलो, काय तो वारा, काय ती गर्दी. मी पिशवी रिकामी करायला घेतली, तर तळाशी दगड."

"मग हो?" चहावाल्या बाईंनी विचारलं. आता सगळी शेड ऐकत होती.

"मग काय. मी बोलले काहीच नाही. उचलला आणि नेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. येता-जाता दिसायला नको? चाळीस वर्षं तो माणूस त्याला वळसा घालून आत आला. त्यांना एकदाही ठेच लागली नाही, आणि आम्ही दोघं एकदाही त्याबद्दल बोललो नाही. शेवटच्या आजारात म्हणाले, तेवढा दगड वर पोचव गं." त्यांनी बटाटा पिशवीत ठेवला. "असू दे. हाच ठेवीन मी. बसा तुम्ही, भिजलायत किती."

हे 'भिजलायत किती' काटेसाहेबांना सोसलं नाही. घड्याळात चार वाजायला आले होते आणि वरचं दार पाचला बंद व्हायचं होतं. ते उठले. "आई, माझा चहा झाकून ठेवा. आलोच."

खाली उतरायला त्यांना फार वेळ लागला नाही, कारण बराचसा उतार ते बसूनच उतरले. भिंत सापडली. त्यांनी पलीकडे डोकावून पाहिलं आणि त्यांचा धीरच सुटला. भिंतीमागे दगडांची ही रास पडलेली. लहान, मोठे, काही नावं घातलेले, एकाला तर रिबीन बांधलेली. या चढाखाली वजन कमी करणारे काटेसाहेब काही पहिले नव्हते. वर्षानुवर्षं माणसं इथवर श्रद्धेने आणत होती आणि इथे मुकाट्याने सोडून देत होती. देवस्थानाचा खरा ढीग बहुधा हाच असावा.

सगळे दगड ओले, म्हणून सगळे काळे. काटेसाहेबांनी मनाशी म्हटलं, घाबरायचं कारण नाही, नुसत्या हाताने वजन सांगणारा माणूस आहे मी. त्यांनी एक दगड उचलला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. पण बोटं गारठून गेली होती आणि सगळ्यांचं वजन सारखंच लागत होतं, म्हणजे जास्त. इतक्या वर्षांची विद्या ऐन वेळेला पाण्यात गेली. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. दोन दगड त्यातल्या त्यात बरे वाटले. दोन्ही नेऊ, म्हातारी ओळखेल त्यातला, असं ठरवून त्यांनी ते बगलेत मारले आणि वळले. वळताना फेस आडवा आला. उजवा बूट पुढून केव्हाच उघडला होता, त्यातून बाहेर आलेला अंगठा कशावर तरी जोरात आपटला आणि मस्तकापर्यंत एक कळ गेली.

काटेसाहेब कळवळले आणि मग एकदम थांबले. ही कळ ओळखीची होती. याच जागी, याच उंचीवर, अशीच तिरकी. त्यांनी खाली वाकून पाहिलं, तर पुढे आलेलं ते टोक. बगलेतले दोन्ही तोतये टाकून त्यांनी तो दगड उचलला आणि छातीशी धरला. वाटेवरून जाणाऱ्या दोघा यात्रेकरूंना 'काचसामान' लिहिलेला एक गृहस्थ दगडाला मिठी मारून हसताना दिसला. ते जरा भरभर पुढे गेले.

चढ दुसऱ्यांदा चढताना शीळ वगैरे काही नव्हती. मधल्या वळणावर त्यांना वरून कोणीतरी उतरताना दिसलं. सासूबाई होत्या. एका हाताने कठडा धरला होता आणि दुसऱ्या हातात छत्री होती, उघडलेली. दिवसभरात पहिल्यांदा ती छत्री उघडली होती. जवळ आल्यावर त्यांनी ती जावयाच्या डोक्यावर धरली आणि स्वतः निम्म्या बाहेर राहिल्या.

"सापडला," काटेसाहेब म्हणाले. "अंगठ्याने ओळखला."

"ओळखणारच. मला खालीच कळलं होतं तुम्ही टाकलात ते. एकाएकी शीळ घालायला लागलात."

"मग बोलला का नाहीत?"

सासूबाई थोडं चालल्या. "तेव्हाही नव्हते बोलले. चुकलंच माझं. तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोचवून आले असते ते. दोघं मिळूनही आलो असतो. नुसत्या हट्टापायी चाळीस वर्षं गेली. म्हणून आज म्हटलं, दार आपटलं की लगेच दगड मागायचा."

काटेसाहेबांनी दगड नीट धरला आणि दोघं एका छत्रीत वर गेले.

वर पोचले तेव्हा देवस्थानाचं मोठं दार अर्धं लोटलेलं होतं. राखणदार ते पाठीने अडवून उभा होता, कारण वारा ते लावून घ्यायला बघत होता. शेजारच्या ढिगाभोवती दोरी होती. "दगड ठेवणं कालपासून बंद," राखणदार म्हणाला. "कंत्राटदाराने ढीग मोजून घेतलाय, आता एकही वाढवता येणार नाही. दर्शन घ्या पटकन, मला दार लावायचंय. दुपारपासून असा उभा आहे, पाठ गेली माझी."

"अहो, मागून अजून माणसं येतायत," सासूबाई म्हणाल्या. "शेडमध्ये निम्मी वाट अडकलीय."

"मी तरी काय करू? किती वेळ धरून ठेवू हे?"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. काटेसाहेबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी गुडघ्यावर बसून दगड दाराशी ठेवला, टोक बाहेर येईल असा, आणि थोडा सरकवून बसवला. वाऱ्याने दार एकदा ढकलून पाहिलं. दार हललं नाही. राखणदाराने हळूच पाठ काढली, दोन पावलं बाजूला झाला आणि कंबरेवर हात ठेवून ताठ उभा राहिला. "येऊ दे मग मागच्यांना," तो म्हणाला. "दारापाशी ठेवलेला दगड ढिगात नाही मोजत." सासूबाई वाकल्या, दगडावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोचलात हो." मग त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि काटेसाहेबांनी पावसाकडे बघितलं.

आत जाताना राखणदाराने बिल्ले बघितले. काटेसाहेबांचा वाकताना शर्टाबाहेर आला होता. "इतर? इतर म्हणजे कोण?"

"मुलगा आहे माझा," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या खिडकीवाल्याने चुकीचं लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर स्वयंपाकघराचं दार धाडकन आपटलं. बायको दचकली. ट्रेकरकाका साबणाची चौकशी करायला येऊन बसले होते, तेही दचकले. सासूबाईंनी पिशवीतून बटाट्याएवढा दगड काढला आणि जावयाच्या हातात दिला. काटेसाहेबांनी तो दाराशी ठेवला. वारा आला, दाराने दगडाला सहज बाजूला सारलं आणि ते पुन्हा आपटलं. त्यांनी दगड उचलून तळहातावर जोखला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "वजन कमी पडतंय."

"राहू दे तिथेच," सासूबाई चहाचं आधण ठेवत म्हणाल्या. "होईल हळूहळू मोठा."